होमस्टेची वेबसाइट कोडिंगशिवाय: काय निवडावं आणि काम नेमकं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोली तालुक्यात चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. कोडिंग येत नाही, त्यामुळे माउसने ओढून-सोडून साइट बनवता येईल असं सॉफ्टवेअर हवं. पाच-सहा पानं, मराठी आणि इंग्रजी, बुकिंग फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर. विक्स, गुगल साइट्स, वर्डप्रेस, एलिमेंटर यांतलं काय घ्यावं?

आधी उत्तर देतो. स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) घ्या, साधं होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा) घ्या, त्यावर वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर टाका आणि त्यात मुळातच येणारा ब्लॉक एडिटर, म्हणजे तुकडे जोडून पान बांधायचं साधन, वापरा. एलिमेंटर, म्हणजे वर्डप्रेसवर वरून बसवायचा पान बांधणीचा वेगळा जोड, पहिल्या वर्षी तरी नको. अपडेट, बॅकअप असल्या भानगडी अजिबात नको असतील आणि दरवर्षी वर्गणी भरायची तयारी असेल, तर विक्स (जागा आणि सॉफ्टवेअर एकाच कंपनीकडून) चालेल. गुगल साइट्स फुकट आहे आणि एका संध्याकाळी पान उभं राहतं, पण रूप आणि शोधात दिसण्याच्या सोयी यांवर आपला ताबा फारच कमी. सरावासाठी मात्र झकास.

वर्डप्रेसकडे झुकतं माप का, ते सांगतो. पुढेमागे सोडून जायची वेळ आली तर काय काय बरोबर नेता येतं, ही खरी कसोटी आहे. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. मजकूर आणि फोटो हाताने उतरवून घ्यावे लागतात. त्याच्या नेहमीच्या एडिटरमध्ये तर एकदा निवडलेलं टेम्प्लेटसुद्धा (तयार मांडणी) त्याच साइटवर नंतर बदलता येत नाही, नव्याने सुरुवात करावी लागते. आणि फुकट मिळालेल्या जागेचं काय होतं ते मार्च २०२४ मध्ये दिसलंच. गुगल बिझनेस प्रोफाइलबरोबर (गुगलच्या नकाशावर आणि शोधात दिसणारी धंद्याची नोंद) मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट गुगलने सरसकट बंद केल्या. १० जूनपर्यंत जुन्या पत्त्यावरून लोकांना प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता गाडीवर आणि पाटीवर रंगवून घेतला होता, त्यांना पाटी पुन्हा रंगवावी लागली. डोमेन स्वतःचं असतं, तर मागचं सॉफ्टवेअर बदलूनही पाटीवरचा पत्ता तोच राहिला असता.

आता मुख्य मुद्दा. नवशिक्यांचं काम बिघडतं ते सॉफ्टवेअर चुकीचं निवडल्यामुळे क्वचित. वेबपानाला छापील पत्रक समजल्यामुळे बहुतेक वेळा. पत्रकाचा कागद ठरलेला असतो. अक्षर दोन सेंटिमीटर उजवीकडे सरकवलं की ते तिथेच राहतं. वेबपानाला असा ठरलेला कागदच नाही. तुम्ही १४०० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) रुंद पडद्यावर जुळवाजुळव करता आणि पाहुणा ३६० पिक्सेल रुंद फोनवर बघतो. त्याच्या फोनमध्ये फॉन्टचा आकार वाढवलेला असतो, चार ओळींचा परिच्छेद नऊ ओळींचा होतो आणि खालच्या फोटोवर चढतो.

म्हणून पानाकडे डब्यात डबा, त्यात डबा असं बघायला शिका. बाहेरचा डबा म्हणजे पट्टा, त्यात दोन रकाने, रकान्यात मथळा, मजकूर, बटण. आतला मजकूर वाढला की डबा उंच होतो आणि खालचे सगळे डबे आपसूक खाली सरकतात. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर याच पद्धतीने चालतो आणि तुम्हाला वाट्टेल तिथे काही ठेवूच देत नाही. पहिले दोन दिवस याचा राग येतो. विक्सच्या नेहमीच्या एडिटरमध्ये वस्तू हवी तिथे टेकवता येते, म्हणून तो सोपा वाटतो. पण त्या मोकळेपणाची किंमत मोबाइलवर मोजावी लागते. तिथे मोबाइलची मांडणी वेगळी तपासावी लागते. डेस्कटॉपवर नवा भाग टाकला की तो मोबाइलवर जातो खरा, पण कुठे जाऊन बसेल ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तेव्हा विक्स घेतलंत, तर प्रत्येक बदलानंतर मोबाइलचं दृश्य उघडून बघायचं हे ठरवून टाका.

काम कोणत्या क्रमाने करायचं हेही महत्त्वाचं आहे, कारण क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं.

पहिलं डोमेन. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि फोन नंबरवर घ्या. भाच्याच्या किंवा डिझायनरच्या खात्यातून घेतलेलं डोमेन व्यवहारात त्याचंच असतं, पैसे कोणी का भरेनात. घेतल्यावर ईमेल पडताळणीचा एक संदेश येतो. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बाबतीत १५ दिवसांत त्यातल्या लिंकवर टिचकी मारली नाही, तर डोमेन स्थगित होऊ शकतं आणि चालू साइट अचानक गायब होते. जाहिरातीतला भाव सहसा पहिल्या वर्षाचा असतो. नूतनीकरणाचा भाव बारीक अक्षरात असतो, तो बघून ठरवा. शक्य असेल तर तीन वर्षांचे पैसे एकदम भरा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी संमती नोंदवावी लागते, आणि परदेशी कंपन्यांची अशी वसुली भारतीय कार्डांवर बरेचदा अडते. 'ऑटो रिन्यू चालू आहे' एवढ्यावर विसंबलेली माणसं तिथेच फसतात.

मग होस्टिंग आणि त्यावर वर्डप्रेस. होस्टिंगच्या पॅनलमध्ये एका बटणात ते बसतं. लगेच एसएसएल (साइट आणि पाहुणा यांच्यातली देवाणघेवाण कुलूपबंद करणारी सोय) चालू करा, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस येईल. बहुतेक ठिकाणी लेट्स एन्क्रिप्टचं त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि मुदत संपण्याआधी आपोआप नवं होतं. हे पान बांधण्याआधी करायचं. नंतर केलं, तर आधी चढवलेल्या फोटोंचे पत्ते जुन्या पद्धतीने साठलेले राहू शकतात आणि ब्राउझर 'असुरक्षित' म्हणत बसू शकतो.

यानंतर चार सेटिंग. 'जनरल'मध्ये साइटची भाषा मराठी करा. त्याने तुमचा कामाचा पडदाही मराठी होईल. तो इंग्रजी हवा असेल, तर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये वेगळी भाषा निवडता येते. मदतीचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी पडद्यावरचे असतात, त्यामुळे ते बरं पडतं. वेळेचा पट्टा कोलकाता ठेवा. 'पर्मालिंक्स'मध्ये (पानांचे पत्ते कसे असावेत ते) 'पोस्ट नेम' निवडा. आणि 'रीडिंग'मध्ये शोधयंत्रांना परावृत्त करणारी एक चौकट असते. काम चालू असेपर्यंत तिथे खूण असू द्या, पण साइट खुली करताना ती काढायची हे कागदावर लिहून ठेवा. 'साइट गुगलवर का येत नाही' या तक्रारीच्या मुळाशी कितीदा तरी हीच खूण निघते.

थीम (साइटचं तयार रूप) म्हणून वर्डप्रेसची स्वतःची ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह पुरेशी आहे. बाजारात मिळणाऱ्या देखण्या थीमचा देखणेपणा बराचसा त्यांच्या नमुना फोटोंत असतो. तिथे तुमचे फोटो टाकले की उरते ती साधी चौकट.

पान बांधताना तीन सोयी हाताशी असू द्या. एक, 'लिस्ट व्ह्यू'. डाव्या बाजूला सगळे डबे एकाखाली एक दिसतात; कोणता ब्लॉक कोणाच्या पोटात आहे हे तिथेच कळतं आणि हलवाहलवही तिथूनच सोपी पडते. दोन, 'सिंक्ड पॅटर्न'. फोन नंबर, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि दर यांचा एक पॅटर्न करून ठेवा आणि तो सगळ्या पानांवर वापरा. मे महिन्याचे दर बदलले की एका जागी बदलायचं, सगळीकडे बदलतं. तीन, 'रिव्हिजन्स'. बिघडलं तर कालच्या पानावर परत जाता येतं. रकान्यांच्या ब्लॉकमध्ये 'स्टॅक ऑन मोबाइल' चालूच ठेवा. मग ७८२ पिक्सेलपेक्षा अरुंद पडद्यावर रकाने एकाखाली एक येतात. इथे एक खोच आहे. डावीकडे फोटो-उजवीकडे मजकूर आणि खालच्या ओळीत उलटं, अशी नागमोडी मांडणी केलीत, तर मोबाइलवर ती फोटो, मजकूर, मजकूर, फोटो अशी उतरते आणि कोणता मजकूर कोणत्या खोलीचा तेच कळत नाही. प्रत्येक ओळीत फोटो डावीकडेच ठेवा.

पहिल्या पानावर मोठ्या फोटोसाठी 'कव्हर' ब्लॉक येतो. आडवा फोटो मोबाइलवर उभा कापला जातो आणि मधला भाग तेवढा उरतो. घर फोटोच्या डाव्या कडेला असेल, तर पाहुण्याला फक्त आकाश दिसतं. त्या ब्लॉकमध्ये 'फोकल पॉइंट' नावाचा ठिपका असतो, तो घरावर नेऊन ठेवा. फोटोवर अक्षरं असतील तर वरचा काळा थर निदान निम्मा गडद हवा, नाहीतर उन्हात फोन धरल्यावर काही वाचता येत नाही.

दरांचा तक्ता पाच रकान्यांचा करू नका. ३६० पिक्सेलमध्ये तो मावत नाही. खोलीगणिक दोन रकाने पुरे: डावीकडे काय, उजवीकडे किती. आणि छापखान्यातून करून आणलेलं दरपत्रक फोटो म्हणून तर मुळीच चढवू नका. ते मोबाइलवर वाचता येत नाही, त्यातल्या मजकुरावरून पान शोधात सापडेल याची खात्री नसते आणि एक आकडा बदलायला पुन्हा डिझायनरकडे जावं लागतं.

आता देवनागरी. इंग्रजी व्हिडिओंत याचा उल्लेखही नसतो आणि मराठी साइटी ओबडधोबड दिसतात त्या मुख्यतः यामुळेच. वर सांगितलेल्या थीममध्ये मजकुरासाठी मॅनरोप नावाचा फॉन्ट येतो आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मग ब्राउझर आपल्या पदरचा फॉन्ट वापरतो: विंडोजवर एक, अँड्रॉइडवर दुसरा, आयफोनवर तिसरा. तुम्हाला घरी नीट दिसलेलं पान पाहुण्याला वेगळंच दिसतं. एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये फॉन्ट लायब्ररी आली आहे. तिथून मुक्ता, हिंद, बालू २, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी यांपैकी एक बसवा. मजकुराला मुक्ता उत्तम. त्याची रोमन अक्षरंही शोभतात, त्यामुळे इंग्रजी पानांना वेगळा फॉन्ट लागत नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून ४०० (साधा) आणि ७०० (ठळक) हे दोनच जाडपणाचे प्रकार घ्या. जो जाडपणा फॉन्टमध्ये नाही तो मागितला, तर ब्राउझर अक्षर फुगवून खोटा ठळकपणा आणतो आणि 'ष्ट', 'द्ध' अशी जोडाक्षरं बुजतात.

मग ओळींमधलं अंतर. थीममध्ये मथळ्यांना ते अक्षराच्या आकाराच्या १.१ ते १.२ पटीच्या आसपास दिलेलं असतं, कारण रोमन अक्षरांना वर वेलांटी नाही आणि खाली उकार नाही. मराठीत त्या अंतराने वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. मथळ्याला १.४ आणि मजकुराला १.७ ठेवा. 'लेटर स्पेसिंग' शून्यच हवं. अक्षरांत अंतर सोडलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द पाटीवरून गळून पडल्यासारखा दिसतो. साइटची भाषा मराठी करायला सांगितली, त्याचा फायदा इथेही होतो: ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दिलेले आहेत, त्यांत ते भाषेच्या खुणेवरून निवडले जातात. खूण नसेल तर हिंदी वळण येतं.

मजकूर कुठून आणताय तेही बघा. छापखान्यातून आलेली जुनी फाइल श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या) फॉन्टात असेल, तर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा नि खुणांचा चिवडा दिसेल. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून मग एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो. पीडीएफमधून उचललेल्या मराठीत वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. वर्डमधून आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरून साधा मजकूर म्हणून चिकटवा, नाहीतर वर्डचे रंग आणि आकारही पाहुणे म्हणून येतात.

पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत करतं. आत साठवताना प्रत्येक अक्षरचिन्ह (काना-मात्रा वेगळे मोजून) टक्केवारीच्या खुणांसह नऊ चिन्हांचं होतं आणि पत्त्याला जागा २०० चिन्हांची. म्हणजे बाविसाव्या अक्षरचिन्हाच्या आसपास शीर्षक अर्ध्यात तुटतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर तो पत्ता टक्क्यांची रांग होऊन बसतो. प्रकाशित करण्याआधीच बदला. नंतर बदलला तर आधी वाटलेल्या लिंक तुटायची भीती.

फोटोंचं गणित सोपं आहे आणि तरीही सगळे तिथेच चुकतात. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, वजन तीन ते पाच एमबी. असे १५ मूळ आकारातच पानावर लागले, तर पान ५० एमबीच्या घरात जाऊ शकतं आणि घाटात नेटवर्क शोधणारा माणूस ते बघत थांबत नाही. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत करतं, पण तीही या कामाला मोठीच. चढवण्याआधी रुंदी १६०० करा, वेबपी (हलक्या फाइलीचा फोटो-प्रकार) किंवा ७५ ते ८० दर्जाचा जेपेग ठेवा. २०० केबीच्या आसपास आला की पुरे. गुगलचं स्क्वूश हे ब्राउझरमध्येच चालणारं फुकट साधन यासाठी चांगलं आहे. प्रत्येक फोटोच्या 'ऑल्ट टेक्स्ट'मध्ये (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) एक साधं वाक्य लिहा: 'पहिल्या मजल्यावरची खोली, दोन पलंग'.

फोटो कसले, हा प्रश्न त्याहून मोठा. हल्ली विक्सपासून होस्टिंग कंपन्यांपर्यंत सगळीकडे दोन ओळी लिहिल्या की एआय अख्खी साइट बनवून देतं. मांडणीचा कच्चा आराखडा म्हणून ठीक आहे. पण तो मजकूर सगळ्या होमस्टेंना सारखाच लागू पडतो आणि 'आमच्याविषयी'मध्ये कोणी अनोळखी गोरं कुटुंब हसत असतं. पाहुण्याला बघायचं असतं न्हाणीघर. कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास, गरम पाणी किती वाजेपर्यंत, कोणत्या कंपनीचं नेटवर्क येतं, शेवटच्या रस्त्याला मोठी गाडी येते का, जेवणात मासे आणि शाकाहारी दोन्ही आहे का, किनारा पायी किती मिनिटं, खोली कितीला रिकामी करायची. एवढं लिहिलं की फोनवरचे निम्मे प्रश्न संपतात.

संपर्काला फॉर्म ठेवू नका, असंच सांगेन. वर्डप्रेसमधून जाणारा मेल होस्टिंगचा सर्व्हर स्वतः पाठवतो आणि 'प्रेषक' म्हणून बरेचदा पाहुण्याचा जीमेल पत्ता टाकलेला असतो. जीमेल तपासतं, हा सर्व्हर आपला नव्हे हे ओळखतं आणि पत्र स्पॅममध्ये टाकतं किंवा परतवतं. फॉर्म हवाच असेल, तर प्रेषक तुमच्या डोमेनवरचा पत्ता ठेवा, पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये घाला आणि मेल एसएमटीपी प्लगइनमधून, म्हणजे खऱ्या मेलखात्यामार्फत मेल पाठवणाऱ्या वर्डप्रेसच्या जोडातून, पाठवा. पण तुमच्या धंद्याला दोन बटणं बस आहेत. एक थेट फोन लावणारं. दुसरं व्हॉट्सअ‍ॅपचं: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच दहा आकडी नंबर, मध्ये अधिक चिन्ह, शून्य किंवा जागा काही नाही. पानावर दिसणारा नंबरही इंग्रजी आकड्यांतच लिहा. देवनागरी आकडे बरेच फोन 'हा फोन नंबर आहे' असं ओळखत नाहीत, मग तो बोटाने दाबून लागत नाही.

नकाशा पानात रुतवण्यापेक्षा 'गुगल मॅपवर रस्ता पाहा' असं बटण द्या. रुतवलेला नकाशा पान जड करतो आणि पाहुणा शेवटी अ‍ॅपच उघडतो. बिझनेस प्रोफाइल मात्र नीट भरा आणि त्यात साइटचा पत्ता द्या. गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते बघायची गुगलची सोय) साइट जोडून साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, नोंदवा; ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस तो स्वतःच बनवतं, वेगळं प्लगइन लागत नाही.

एलिमेंटर नको म्हटलं, त्याचं कारण हे. ते २०१६ पासून आहे, समर्थ आहे, पण ब्लॉक एडिटरच्या वर आणखी एक थर चढवतं. प्रत्येक पानाबरोबर त्याच्या फाइली येतात, अपडेटची डोकेदुखी वाढते, आणि कधी बंद केलं तर मजकूर उरतो, मांडणी जाते. डब्ल्यूपी बेकरीसारखं पेज बिल्डर (एलिमेंटरसारखंच पान बांधायचं साधन) बंद केल्यावर तर चौकटी कंसांतले शॉर्टकोड, म्हणजे त्याच्या मांडणीच्या खुणा, पानभर दिसू लागतात. पाच पानांसाठी हा भार कशाला? दोन पेज बिल्डर एकाच साइटवर तर कधीच नको.

प्लगइन तीनच धरा: बॅकअपचं, दोन भाषांसाठी पॉलिलँग, आणि फॉर्म ठेवलात तर एसएमटीपीचं. बॅकअप त्याच होस्टिंगवर न ठेवता गुगल ड्राइव्हवर पाठवा. होस्टिंगचं खातंच बंद पडलं तर तिथला बॅकअप त्याच्याबरोबर जातो. महिन्यातून एकदा बॅकअप घ्या, मग प्लगइन अपडेट करा, मग पहिलं पान फोनवर उघडून बघा. क्रम हाच.

इंग्रजी पानं स्वतः लिहा, मशीनच्या भाषांतराचं बटण लावू नका. 'घरगुती जेवण'चं काय होईल ते सांगता येत नाही, आणि आमटी, सोलकढी हे शब्द तर इंग्रजीतही तसेच राहू द्यायचे असतात. आधी मराठी पाच पानं पूर्ण करून खुली करा. इंग्रजी महिन्याने आली तरी चालेल. मेन्यूत मात्र रिकाम्या इंग्रजी पानाची लिंक आधीपासून ठेवू नका. आणि खुली करण्याच्या दिवशी घरातला सर्वांत स्वस्त अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, दारात उभं राहून पहिलं पान उघडा आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबून स्वतःलाच एक संदेश पाठवून बघा.